इन्सेन्टिव्ह सुरू झाला आणि वही लॉकरमध्ये गेली

शॉपफ्लोअरवाला | सोमवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, तोही कामाच्या रडगाण्याचा. सांभाळून घ्या.

मी चाकण पट्ट्यातल्या एका प्लास्टिक मोल्डिंगच्या कारखान्यात प्रॉडक्शन बघतो. नाव विचारू नका. गाड्यांना लागणारे बारके भाग बनतात: क्लिपा, हाउसिंग, बुश. १४ मशीन, तीन पाळ्या. मशीनवर मोल्ड (साचा) चढवायचा, सेटिंग लावायचं आणि पहिला बरा पीस काढून द्यायचा, हे सेटरचं काम. आमच्याकडे नऊ सेटर आहेत. त्यातल्या सगळ्यात जुन्या माणसाला सगळे काका म्हणतात. २२ वर्षं हेच करतायत.

काकांची एक वही होती. निळ्या पुठ्ठ्याची, तेलानं अर्धी काळी झालेली. मोल्ड नंबर, बॅरलचं (माल वितळवायच्या नळीचं) तापमान, होल्डिंग प्रेशर, कूलिंग टाइम आणि बाजूला काकांची शेरेबाजी. ही वही ६ नंबर मशीनच्या पॅनेलवर पडलेली असायची. नवा पोरगा अडला की वही उघडायचा, तरी जमलं नाही तर काकांना हाक मारायचा. काका शिव्या घालत यायचे, पण यायचे.

मागच्या एप्रिलपासून मॅनेजमेंटनं इन्सेन्टिव्ह लावला. मोल्ड बदलायला लागलेला वेळ आणि रिजेक्शन, या दोन आकड्यांवर प्रत्येक सेटरला गुण. महिन्याच्या पहिल्या तिघांना पाच, तीन आणि दोन हजार. गेटजवळच्या बोर्डावर नऊच्या नऊ नावं क्रमानं, शेवटची दोन लाल अक्षरात.

पहिले दोन महिने आकडे असे सुधारले की आमच्या साहेबांनी हेड ऑफिसला प्रेझेंटेशन दिलं. जूनमध्ये माझ्या लक्षात आलं की वही पॅनेलवर नाही. काकांच्या लॉकरमध्ये आहे.

मग एका रात्रपाळीत नायलॉनच्या हाउसिंगला कोपऱ्यात काळा डाग यायला लागला. हे आमच्याकडे जुनंच दुखणं. मोल्डचे वेंट (हवा बाहेर जायच्या बारीक खाचा) बुजले की आतली हवा कोंडते, दाबली जाऊन तापते आणि तेवढ्या जागी माल जळतो. पितळी पट्टीनं वेंट साफ करायचे आणि शेवटच्या टप्प्यात इंजेक्शनचा स्पीड उतरवायचा, झालं. पण त्या पोराला वाटलं माल जास्त तापलाय. त्यानं बॅरलचं तापमान उतरवलं, तर शॉर्ट शॉट, म्हणजे अर्धवट भरलेले पीस, यायला लागले. प्रेशर वाढवलं, तर फ्लॅश, म्हणजे कडेनं माल बाहेर. पहाटेपर्यंत ४०० पीस भंगारात. काका त्याच पाळीत, तीन मशीन सोडून उभे होते.

सकाळी काकांना विचारलं, "सांगितलं का नाही?"
"त्यानं विचारलं नाही."
पोराला विचारलं, तर तो खाली बघून म्हणाला, "सर, विचारलं असतं तर मला येत नाही हे कळलं असतं."

तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय. पैसे लावले म्हणून माणसं हातचं राखायला लागली का? का आधीपासूनच राखत होती आणि आता आम्हाला दिसतंय? तुमच्याकडे काय अनुभव?

---

तालमीतला | सोमवार, रात्री १०:३१

पहिला! रुमाल टाकून ठेवतो, सविस्तर उद्या.

तोवर एवढंच: वस्ताद एक डाव राखून ठेवतो. ही म्हण काही इन्सेन्टिव्हमुळे आली नाही.

---

बेंचवरचा_बबन | सोमवार, रात्री ११:०५

त्या पोराच्या उत्तरासाठी तुम्हाला चहा लागू. सगळे 'सांगत का नाहीत' यावर बोलतात, 'विचारत का नाहीत' हे कोणी बघत नाही.

मी हिंजवडीत. आमच्याकडे बेल कर्व्ह. टीममध्ये दहा जण असतील तर एक-दोघांना वरचं रेटिंग, एकाला खालचं द्यायचंच, मग दहाच्या दहा जणांनी जीव तोडून काम केलेलं का असेना. अशा टीममध्ये केटी (नॉलेज ट्रान्स्फर, काम दुसऱ्याला समजावून सोपवणं) कशी होते ते सांगतो. स्क्रीन शेअर करायची, फोल्डर दाखवायचे, 'सेल्फ एक्सप्लनेटरी आहे' म्हणायचं आणि कॉल रेकॉर्ड करून मेलवर टाकून द्यायचा. कागदावर केटी पूर्ण. तो महिनाअखेरचा जॉब मध्येच अडकला की आधी कुठली टेबल रिकामी करायची, हे मात्र त्या रेकॉर्डिंगमध्ये नसतं. ते माझ्याकडे असतं. वाईट वाटतं, पण मीही हे केलंय.

मायक्रोसॉफ्टनं हे सक्तीचं वर्गीकरण नोव्हेंबर २०१३ मध्ये बंद केलं. बंद करताना कारण हेच दिलं होतं, की टीमवर्क वाढायला हवं. जनरल इलेक्ट्रिकमध्ये जॅक वेल्शनी ते २०-७०-१० चं गणित गाजवलं: वरच्या २० टक्क्यांना लोणी, खालच्या १० टक्क्यांना दरवाजा. आमच्याकडे ते अजून नव्यासारखं वापरतात.

---

पर्णिका | मंगळवार, सकाळी ८:४०

मी एचआरमध्ये आहे, आता दगड येतील.

शॉपफ्लोअरवाला, तुमचे काका आधीही सगळं सांगत होते याला पुरावा काय? वही पॅनेलवर होती हे खरं, पण 'शिव्या घालत यायचे' हेही तुम्हीच लिहिलंय. काही लोक माहितीवर स्वतःचं महत्त्व टिकवतात, पगार कसाही असला तरी. दोष सगळा स्कीमवर टाकणं सोपं आहे. पहिल्या दोन महिन्यांतली सुधारणा खोटी होती का? नव्हती ना?

माझं मत: केआरएमध्ये (ज्यावर कामाचं मोजमाप होतं त्या यादीत) 'ज्ञान देवाणघेवाण' हा मुद्दा घाला, दहा टक्के वेटेज द्या. जे मोजाल ते मिळेल.

---

बेंचवरचा_बबन | मंगळवार, सकाळी ९:१५

@पर्णिका ताई, दगड नाही, पण किस्सा ऐका. आमच्याकडे होता तो केआरए. प्रत्येकानं तिमाहीत चार लेख कंपनीच्या विकीवर टाकायचे. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात पावसासारखे लेख पडले. एकानं 'एक्सेलमध्ये फिल्टर कसा लावावा' टाकला, एकानं कॅन्टीनचं वेळापत्रक. मी स्वतः एका लेखाचे चार तुकडे करून चार लेख दाखवले. सगळ्यांना पूर्ण गुण. अडकलेल्या जॉबवर अजून एकही लेख नाही.

जे मोजलं ते मिळालं, अगदी बरोबर.

---

मागवाला_इचलकरंजी | मंगळवार, दुपारी १:५०

वेगळा मुद्दा मांडतो. आमच्याकडे यंत्रमागावर विणकराला पिकावर (आडव्या धाग्याच्या फेऱ्यांवर) मजुरी. जेवढं कापड, तेवढे पैसे. म्हणजे कामगिरीवर पगार हे काही नवं फॅड नाही, आमच्या आजोबांच्या आधीपासून चालत आलंय. पण विणकर एकमेकांपासून काही लपवतात असं मी तरी पाहिलं नाही. धागा सारखा तुटतोय, काठ ओढतोय, तर शेजारच्या मागावरचा येऊन बघतो, "पावसाळी हवेत ताण कमी कर" म्हणून सांगतो आणि जातो. जॉबर (माग दुरुस्त करणारा) येईपर्यंत माग थांबवायला कोणालाच परवडत नाही.

का? कारण माझं कापड वाढलं म्हणून त्याचं कमी होत नाही. त्याच्या मजुरीला माझा धक्का नाही. तुमच्या कारखान्यात नऊ जणांत तीन बक्षिसं आहेत. काकांनी पोराला शिकवलं तर पोरगा वर येणार आणि काका खाली. मग कशाला शिकवतील?

पैसे कामावर दिले म्हणून बिघडलं नाही. रांग लावली म्हणून बिघडलं. हे माझं अडाणी मत.

---

शॉपफ्लोअरवाला | मंगळवार, दुपारी २:२०

अडाणी कुठलं, भाऊ! मी दोन महिने फिरत होतो त्याच्या आसपास, तुम्ही चार ओळीत पकडलंत.

फक्त एक भर. तुकड्यावरच्या मजुरीतही एक लपवाछपवी असते, पण ती मालकापासून. मी पूर्वी भोसरीला एका मशीन शॉपमध्ये होतो, तिथे जॉबवर रेट होता. एका टर्नरनं स्वतःचं फिक्स्चर (जॉब पकडून ठेवायची जोडणी) बनवून दिवसाचे ६० चे ९० जॉब केले. तीन महिन्यांनी ऑफिसनं रेट कापला. पुन्हा कोणी ६५ च्या वर गेलं नाही. फिक्स्चर टूलबॉक्सच्या तळाशी, सुपरवायझर जेवायला गेला की बाहेर. सगळ्या कामगारांना माहीत, ऑफिसला माहीत नाही. एकमेकांत मात्र खुशाल वापरायचे.

अमेरिकेत फ्रेडरिक टेलर शंभर वर्षांपूर्वी ह्याच दुखण्यावर डोकं फोडत होता. रेट कापले जाण्याच्या भीतीनं कामगार मुद्दाम हळू काम करतात, हे त्यानंच लिहून ठेवलंय.

---

निवृत्त_कॅशियर | मंगळवार, रात्री ९:३०

बँकेत ३६ वर्षं काढली, दोन पैसे टाकतो.

११ व्या द्विपक्षीय पगार करारात (नोव्हेंबर २०२०) सरकारी बँकांत पीएलआय, म्हणजे कामगिरीशी जोडलेली जादा रक्कम, आली. ती माणसाच्या कामगिरीवर नव्हती, पूर्ण बँकेच्या कामगिरीवर होती. बँकेचा ऑपरेटिंग नफा ५ ते १० टक्के वाढला तर ५ दिवसांचा पगार (बेसिक आणि डीए), १० ते १५ टक्क्यांना १० दिवसांचा, १५ च्या वर १५ दिवसांचा. ५ टक्क्यांच्या आत असेल तर काही नाही. शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांना तेच दिवस. रेल्वेचा उत्पादकतेवरचा बोनसही असाच एकगठ्ठा असतो, १९७९-८० पासून.

याचा तोटाही सांगतो. पाच दिवसांच्या पगारासाठी कोणी खुर्चीतून जास्तीचं उठलं नाही. पण कोणी कोणापासून काही लपवलंही नाही.

मग २०२४ च्या शेवटी स्केल फोर आणि वरच्या अधिकाऱ्यांसाठी वेगळी, वैयक्तिक कामगिरीची पीएलआय आली. संघटना खवळल्या. मार्च २०२५ मध्ये जो दोन दिवसांचा संप पुकारून नंतर पुढे ढकलला, त्याच्या मागण्यांत हाही विषय होता. बाहेरच्यांना वाटलं, जास्त पैसे देतायत तर हे नको का म्हणतात! ज्यांनी शाखेत विमा पॉलिसीची टार्गेटं भोगलीयत त्यांना विचारा. आमच्या शाखेत टार्गेट माणशी लागल्यावर काउंटरवरच्या मुलीनं एफडी मोडायला आलेल्या ग्राहकाचं नाव शेजारच्या टेबलाला सांगणं बंद केलं. आधी 'अमुक काकांच्या मुलीचं लग्न ठरलंय, लोनचं बघ' हे आपोआप कानावर यायचं. नंतर ते नाव चिठ्ठीवर लिहून पर्समध्ये जायला लागलं.

---

एमआर_बॅग | मंगळवार, रात्री ९:५२

कॅशियर काका, तुमच्याकडे पर्स तरी होती. आम्ही कुठले डॉक्टर किती वाजता भेटतात आणि कंपाउंडरचं नाव काय, हे डोक्यात ठेवतो. रिपोर्टमध्ये फक्त 'भेट झाली'.

टेरिटरी बदलली की नव्या पोराला सहा महिने उन्हात फिरू देतात. मलाही कोणी सांगितलं नव्हतं, मीही सांगितलं नाही. चला, झोपतो, सकाळी नाशिक.

---

मावळतीचा_वारा | बुधवार, सकाळी ७:२०

निवृत्त_कॅशियर यांच्या चिठ्ठीवरून आठवलं. मी समाजशास्त्र शिकवते, हा माझा आवडता पाठ.

पीटर ब्लाऊ नावाच्या समाजशास्त्रज्ञानं अमेरिकेतल्या एका सरकारी रोजगार कार्यालयाचा अभ्यास केला होता, १९५५ मध्ये तो प्रसिद्ध झाला. तिथल्या कर्मचाऱ्यांचं काम म्हणजे कारखान्यांकडून आलेल्या रिकाम्या जागांच्या चिठ्ठ्या घ्यायच्या आणि बेकार माणसांना त्या जागी पाठवायचं. वरिष्ठांनी 'कोणी किती लोकांना नोकरीला लावलं' याची आकडेवारी ठेवायला सुरुवात केली. लगेच चिठ्ठ्या लपवणं सुरू झालं. चिठ्ठी सगळ्यांच्या खोक्यात टाकण्याऐवजी आपल्याजवळ.

मजा पुढे आहे. दोन विभाग होते. एका विभागात चुरस जबरदस्त. तिथे जो जास्त लपवायचा, त्याचा वैयक्तिक आकडा खरोखरच जास्त. दुसऱ्या विभागात लोक चिठ्ठ्या वाटून घ्यायचे, आणि विभाग म्हणून त्यांचंच काम जास्त झालं. म्हणजे लपवणाऱ्याचा हिशेब चुकलेला नसतो. तुमचे काका वेडे नाहीत, लोभीही नसतील.

आणि @पर्णिका, त्या दुसऱ्या विभागात दोन गोष्टी वेगळ्या होत्या. तिथला साहेब मूल्यमापन करताना आकड्यांना फार भाव देत नव्हता. आणि तिथल्या बहुतेकांची नोकरी पक्की होती, पहिल्या विभागात बरेच जण अजून प्रोबेशनवर होते. ज्याची खुर्ची हलते तो मूठ आवळतो, हे बघितलं पाहिजे. आजच्या कंत्राटी पोरांकडून आपण 'शेअरिंग'ची अपेक्षा करतो!

---

पर्णिका | बुधवार, सकाळी १०:०५

वाखूसाआ (वाचनखूण साठवली आहे). हे मला खरंच माहीत नव्हतं.

केआरएची सूचना अर्धी मागे घेते. पण मग काम न करणाऱ्याचं काय करायचं? सगळ्यांना सारखं दिलं की चांगली माणसं सोडून जातात, हे मी एक्झिट इंटरव्ह्यूत दर महिन्याला ऐकते. हा प्रश्न कोणी घेतलेला दिसत नाही.

---

नेकारकाठची | बुधवार, दुपारी ४:४५

जर्मनीतून. इथे कारखान्यांत सुधारणा सुचवायची पद्धत जुनी आहे. सूचना लिहून द्यायची, मान्य झाली आणि पैसे वाचले तर त्या बचतीतला वाटा सुचवणाऱ्याला. त्याचे नियम व्यवस्थापन एकटं ठरवू शकत नाही, कामगारांच्या प्रतिनिधी मंडळाची संमती लागते, तसा कायदाच आहे. त्यामुळे रेट कापण्याची भीती कमी.

पण गंमत बघा. माझ्या जुन्या खात्यातला एक गृहस्थ आठ महिने एक युक्ती गप्प ठेवून बसला होता. फॉर्म भरून नंबर पडेपर्यंत कोणाला बोलायचं नाही, नाहीतर दुसरा आधी भरेल! तोवर आम्ही सगळे जुन्याच पद्धतीनं हात दुखवत होतो.

उलटं उदाहरण झेरॉक्सचं. त्यांच्या कॉपिअर दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञांसाठी नव्वदच्या दशकात युरेका नावाची टिपांची यंत्रणा केली. टीप तंत्रज्ञानंच लिहायची, दुसऱ्या तंत्रज्ञांनी तपासायची, खाली लिहिणाऱ्याचं नाव. टिपेमागे रोख पैसे ठेवले नाहीत. तरी लोक लिहीत राहिले. आपल्यासारख्याच कारागिरानं 'बरोबर आहे' म्हणणं, याला काहीतरी किंमत असणारच.

---

तालमीतला | बुधवार, रात्री ८:१५

रुमाल उचलतो.

आमचे वस्ताद (कोल्हापूर, नाव नको) दुसऱ्या तालमीतला पैलवान आला की सरावच थांबवायचे. पण आमच्यात आमच्यात सगळं उघडं. ज्याला निकाल डाव जमतो तो चौघांना घोटवून घेणार, कारण मैदानात नाव तालमीचं लागतं. राखून ठेवलेला तो एक डाव वस्तादांचा. तो आम्हाला कधीच दिसला नाही, त्यामुळे होता की नाही देव जाणे.

मुद्दा हा की भिंत कुठे बांधली ते बघा. तालमीभोवती बांधली तर आत सगळं वाटलं जातं. प्रत्येक पैलवानाभोवती बांधलीत तर आखाड्यात एकेकटाच शड्डू ठोकत बसेल.

अवांतर: गाण्यातल्या घराण्यांतही चिजा लपवायचेच की. तो वेगळा धागा होईल.

---

शॉपफ्लोअरवाला | पुढचा शनिवार, संध्याकाळी ६:३०

उशिराबद्दल माफी. अपडेट देतो.

गुरुवारी काकांना गेटबाहेरच्या टपरीवर घेऊन गेलो. वहीचा विषय काढला नाही. दुसऱ्या कटिंगला तेच बोलले.

"साहेब, पाच हजारानं माझं काय होतंय? मे महिन्यात मी सातव्या नंबरवर होतो. का होतो माहितेय? अवघड मोल्ड सगळे मला देता. तो बारा कॅव्हिटीचा (एका वेळी बारा पीस काढणारा) चढवायला अडीच तास लागतात, पोरगं क्लिपेचा मोल्ड चाळीस मिनिटांत चढवतं आणि माझ्या वर जातं. त्यात त्याच महिन्यात दोघांच्या मशीनवर मीच सेटिंग लावून दिलं, तो वेळही माझाच गेला. आणि माझा पुतण्या त्याच गेटनं आत येतो. त्यानं घरी जाऊन सांगितलं, काकांचा सातवा नंबर."

मी गप्प. आपण काढलेल्या आकड्यात मोल्ड किती अवघड आहे याचा रकानाच नाही, हे मला २२ वर्षांच्या माणसानं टपरीवर सांगितलं. एक्सेल मीच बनवली होती.

शुक्रवारी साहेबांसमोर बसलो. मागितलं होतं: बोर्ड काढा, वैयक्तिक बक्षीस बंद करा, तेच दहा हजार पाळीच्या नावावर द्या. मिळालं ते असं: लाल रंग गेला, बोर्ड राहिला, आणि पाळीच्या बक्षिसाला तीन महिने ट्रायल.

---

बेंचवरचा_बबन | शनिवार, संध्याकाळी ६:५५

पाळीला देताय? मग पाळीला पाळी भिडणार. तालमीतला म्हणाला तीच भिंत, फक्त तीन जागी. जाणारी पाळी येणाऱ्या पाळीसाठी सेटिंग कसं सोडून जाते ते बघा.

---

मागवाला_इचलकरंजी | शनिवार, संध्याकाळी ७:१०

बबनशी सहमत. रात्रपाळीवाला माग घाण करून जातो, ही तर आमच्याकडची रोजची भांडणं. दहा हजार नऊ जणांत वाटून टाका. रक्कम बारीक होईल, पण कटकट नाही.

---

शॉपफ्लोअरवाला | शनिवार, संध्याकाळी ७:४०

हे साहेबांना पटवायला अजून एक टपरी लागेल. नऊ जणांत वाटले तर ते पर्णिकाताईंचाच प्रश्न विचारणार, की मग आळशी माणसाचं काय. आमच्या नवात आळशी दीड माणूस आहे. त्या दीडासाठी बाकीच्या साडेसात जणांना रांगेत उभं करायचं का, एवढं मी विचारून बघेन.

मोल्ड किती अवघड याचा रकाना मात्र सोमवारी घालतोय. काका आणि तो रात्रपाळीचा पोरगा, दोघांनी मिळून प्रत्येक मोल्डला एक ते पाच गुण द्यायचेत. काका म्हणाले, "तो काय देणार, त्यानं बारा कॅव्हिटीचा चढवलाय का कधी?" म्हटलं, चढवू दे की, तुम्ही शेजारी उभे राहा.

---

पर्णिका | शनिवार, रात्री ८:०५

हे आवडलं. पण वहीचं काय? झेरॉक्स काढून घ्या आधी, दादा. उद्या काका आजारी पडले तर?

---

शॉपफ्लोअरवाला | शनिवार, रात्री ८:३०

आता कबूल करतो. जूनमध्ये एकदा लॉकर उघडा होता, तेव्हा मोबाईलवर दोन पानांचे फोटो काढले होते. शरम वाटली, पण काढले. घरी जाऊन बघतो तर आकडे दिसतात, कामाचं काहीच कळत नाही. नायलॉनच्या पानावर लिहिलंय: "सोमवार = १० वर. आवाज ऐक. बोंबलला तर मागे."

काल पुन्हा टपरीवर काकांना फोटोचं न सांगता विचारलं, हे सोमवारचं काय आहे. तर रविवारी सुट्टीमुळे ड्रायर बंद असतो. नायलॉन ओल धरतं, म्हणून सोमवारी सकाळी चार तासांऐवजी जास्त वाळवायचं आणि ड्रायर दहा अंश वर ठेवायचा. आणि बोंबलतो कोण, ते मशीनपाशी उभं राहिल्याशिवाय सांगता येणार नाही म्हणाले.

सोमवारी पहिल्या पाळीत सहाला बोलावलंय त्यांनी. पोरालाही सांगितलंय.